बक्षीसपत्रात नसलेली ओळ

चार वर्षांपूर्वी माझ्या मावशीच्या बक्षीसपत्राला ओळखदार म्हणून, म्हणजे तिची ओळख पटवून देणारा म्हणून, मी दुय्यम निबंधक कार्यालयात गेलो होतो. टोकन सकाळचे होते, पण आमचा क्रमांक लागायला दुपारचे अडीच वाजले. तोवर मावशी भिंतीलगतच्या लोखंडी बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती आणि तिचा मुलगा वकिलाच्या कारकुनाबरोबर झेरॉक्सच्या दुकानापर्यंत तीनदा जाऊन आला होता. क्रमांक लागल्यावर तिला संगणकाला जोडलेल्या छोट्या कॅमेऱ्यासमोर बसवले, फोटो काढला आणि अंगठ्याचे यंत्र पुढे सरकवले. यंत्र काही केल्या अंगठा घेईना. आयुष्यभर भांडी घासून आणि धुणी धुऊन तिच्या अंगठ्यावरच्या रेषा पार झिजल्या होत्या. पदराला पुसा, जरा दाबून धरा, असे सांगत ऑपरेटरने पाचव्या-सहाव्या खेपेला कसाबसा ठसा मिळवला. मग 'दस्त मान्य आहे ना?' एवढे विचारले गेले, ती 'हो' म्हणाली आणि दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी असलेले ते घर तिचे राहिले नाही.

रांगेत बसल्या बसल्या मी तो दस्त वाचला होता. 'नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी', 'स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय', आणि शेवटी 'यापुढे सदर मिळकतीवर माझा कोणत्याही प्रकारचा हक्क वा हितसंबंध राहिलेला नाही', अशी सगळी ठरावीक वाक्ये त्यात होती. मावशी त्या घरात यापुढेही राहणार आहे, हे मात्र एकाही पानावर नव्हते. मी ते तिच्या कानावर घातले तेव्हा ती म्हणाली, "अरे, माझ्याच पोराला देतेय. त्यात काय लिहून घ्यायचं?" मावसभाऊ समोरच उभा होता. मी गप्प बसलो आणि ओळखदार म्हणून सही केली.

पुढे दीड वर्षात ते घर विकले गेले. भावाने आईला फसवले असे मी म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. त्याची नोकरी ज्या शहरात होती तिथे त्याने ते पैसे घालून आणि वर कर्ज काढून मोठा फ्लॅट घेतला, तो नवरा-बायकोच्या नावावर झाला आणि त्यात मावशीसाठी एक खोलीही होती. नात दहावीत गेली तेव्हा ती खोली अभ्यासाची झाली. आता मावशी दोन महिने मुलाकडे आणि दोन महिने मुलीकडे असते. औषधांचा डबा, चष्म्याची दोन घरे आणि देवाचा छोटा टाक एका निळ्या बॅगेत कायम भरलेला असतो. तिला कुणी उपाशी ठेवलेले नाही, कुणी वर आवाज चढवून बोलत नाही, वर्तमानपत्रात बातमी यावी असे काहीच घडलेले नाही. फक्त स्वतःचे घर असलेली एक बाई दोन्ही घरांत पाहुणी झाली आहे.

या विषयावरची आपली चर्चा बहुधा दोनच ठिकाणी अडकते. एका बाजूला हल्लीच्या मुलांवर संस्कार उरले नाहीत अशी तक्रार असते, तर दुसऱ्या बाजूला आई-वडील मुलांना मोकळेपणाने जगू देत नाहीत असा सूर असतो. दोन्हींना पुरतील इतकी उदाहरणे प्रत्येक नातेवाइकांच्या गोतावळ्यात सापडतात, त्यामुळे वाद कधी संपत नाही. पुंडलिकाच्या कथेतसुद्धा तो आधी आई-वडिलांना छळणारा मुलगा असतो, मग त्याचे मन पालटते, आणि त्या पालटलेल्या मनामुळे विठ्ठल विटेवर तिष्ठत राहतो. व्यवहाराला असे मन पालटण्याची वाट पाहत बसता येत नाही. माझे म्हणणे असे आहे की, म्हातारपणी नाते बिघडते त्याचे कारण पुष्कळदा प्रेमाच्या तुटवड्यापेक्षा एका कागदात असते. राहते घर जिवंतपणी, कोणतीही अट न घालता, मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर करून देणे ही चूक आहे; आणि ही चूक सोपी व स्वस्त करून ठेवणाऱ्या शासनावर तिला आवर घालण्याचीही जबाबदारी आहे.

स्वस्त म्हणजे किती, हे सांगायला हवे. महाराष्ट्रात २०१५ सालापासून राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस द्यायची असेल तर मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये पडते. शहरात तेच घर परक्याकडून विकत घेताना किमतीच्या पाच ते सात टक्के शुल्क भरावे लागते. सवलतीमागचा हेतू चांगलाच होता. कुटुंबातल्या कुटुंबात मालमत्ता हस्तांतरित होताना लोकांना लाखो रुपये का भरावे लागावेत, हा प्रश्न रास्त होता, आणि शुल्क वाचवण्यासाठी तोंडी व्यवहार करून पुढे कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा नोंदणी झालेली केव्हाही बरी. पण त्या २०० रुपयांनी एक गोष्ट हळूच बदलली. पूर्वी शुल्काच्या आकड्यानेच माणूस थबकायचा, चार जणांना विचारायचा आणि बहुधा 'राहू दे, पुढचे पुढे' म्हणून मृत्युपत्रावर थांबायचा. आता थबकायला लावणारे काही उरलेले नाही.

आई-वडील हे का करतात, याची कारणे ते मोकळेपणाने सांगतात आणि त्यांतली बरीचशी समजण्यासारखी असतात. आपल्या मागे भावंडांत भांडणे नकोत, ही सर्वांत मोठी धास्ती. सोसायटीत नॉमिनी म्हणून लावलेले नाव म्हणजे मालकी नव्हे, हे कुठेतरी ऐकलेले असते. मग नॉमिनेशनवर भरवसा उरत नाही. इमारत पुनर्विकासाला गेली की बिल्डरच्या करारावर सह्या करायला, बैठकांना जायला तरुण माणूस बरा, असे वाटते. गावाकडे सातबाऱ्यावर नाव लागल्याशिवाय मुलाला पीक कर्ज उभे राहत नाही, आणि मुलीकडची मंडळी स्थळ बघायला आली की जमीन कुणाच्या नावावर आहे हे चहा संपायच्या आत विचारतात. न सांगितले जाणारे एक कारणही आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो निःसंदिग्ध शब्दांत कायम केला. स्वतः कमावलेल्या घरात मात्र मुलीला काही मिळू नये असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी जिवंतपणीचे बक्षीसपत्र हा सर्वांत खात्रीचा रस्ता ठरतो. माझ्या मावशीने तेच केले, आणि आज वर्षातले सहा महिने ती त्याच मुलीच्या घरी असते.

बक्षीस दिलेले परत घेता येत नाही, हा मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यापासून चालत आलेला मूळ नियम आहे. ठरावीक अपवाद सोडले तर देणाऱ्याचे मन बदलले म्हणून दस्त रद्द होत नाही. ज्येष्ठांसाठी या नियमाला पहिली मोठी फट पाडली ती २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायद्याच्या कलम २३ ने. ज्येष्ठाने मालमत्ता देताना 'मूलभूत सुविधा आणि गरजा पुरवाव्यात' अशी अट असेल आणि घेणाऱ्याने ती पाळली नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने किंवा दडपणाखाली झाले असे मानून न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकते. सगळे वजन त्या 'अट' या शब्दावर आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट केले की, अशी अट घातली गेलीच नसेल तर कलम २३ लागू होणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द करून घर तिला परत दिले आणि हा कायदा ज्येष्ठांच्या कल्याणासाठी असल्याने त्याचा अर्थ उदारपणे लावला पाहिजे असे सांगितले. मात्र त्या प्रकरणात मुलाने आईला सांभाळीन असे वचनपत्र लिहून दिल्याचे आईचे म्हणणे होते आणि न्यायालयाने तो कागद बक्षीसपत्राबरोबर वाचला. दुसऱ्या निकालाची बातमी आपल्याकडे 'मुलांनी सांभाळले नाही तर घर परत' अशी फिरली. वचनपत्राची गोष्ट त्या बातमीत फारशी कुणी वाचली नाही.

निकालाचे कात्रण घेऊन मी मावशीकडे गेलो होतो. तिच्या दस्तात अट नव्हती, घर विकून झाले होते, त्यामुळे तिला त्याचा उपयोग नव्हता हे मला ठाऊक होते. तरी निदान निर्वाहाच्या रकमेसाठी अर्ज करता येईल असे मी सुचवले. या अर्जांची सुनावणी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, म्हणजे लोकांच्या भाषेत प्रांतांच्या, न्यायाधिकरणापुढे होते आणि असा अर्ज ९० दिवसांत निकाली काढावा असे कायदा म्हणतो. मावशीने सगळे ऐकून घेतले आणि मला विचारले, "प्रांतासमोर जाऊन सांगू काय? पोरगा वाईट आहे म्हणून सांगू? तो वाईट नाही रे."

या एका प्रश्नापाशी २००७ चा कायदा लंगडा पडतो, असे मला वाटते. तो नाते पूर्ण मोडल्यावर कामाला येतो आणि ते मोडले आहे हे आईनेच स्वतःच्या तोंडाने, सरकारी कार्यालयात, मुलासमोर सांगावे अशी त्याची अपेक्षा असते. मारहाण होत असेल, घराबाहेर काढले असेल, तर माणूस तेवढे धैर्य गोळा करतो. निळी बॅग घेऊन दोन महिन्यांनी एसटीत बसणाऱ्या बाईला तक्रारीचा मथळाच सुचत नाही. तिच्यासारख्यांची संख्या किती असेल याचा आकडा कुणाकडे मागायचा? तक्रार न करणाऱ्यांची नोंद कुठल्याच नोंदवहीत होत नसते. म्हणून उपाय भांडणानंतरचा असण्यापेक्षा दस्ताच्या दिवशीचा असला पाहिजे, आणि आईला कुणाला दोष न देता वापरता येईल असा असला पाहिजे.

असा उपाय कायद्यात आहे, आणि तो अगदी साधा आहे. घर नावावर करून देताना देणाऱ्याने स्वतःसाठी, आणि जोडीदार हयात असेल तर त्याच्यासाठीही, तहहयात राहण्याचा व उपभोगाचा हक्क दस्तातच राखून ठेवायचा. असा हक्क राखला तर बक्षीस पूर्ण होत नाही, असा एक समज वकिलांच्या टेबलांवरूनही पसरलेला असतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो दूर केला: दस्त रीतसर नोंदलेला असेल आणि घेणाऱ्याने तो स्वीकारला असेल, तर देणाऱ्याने हयातीपर्यंत उपभोग स्वतःकडे ठेवला तरी बक्षीस वैध असते. या ओळीचे खरे सामर्थ्य कोर्टात दिसण्याआधी बँकेच्या टेबलावर दिसते. घर विकायला किंवा तारण ठेवायला काढले की खरेदीदाराचा आणि बँकेचा वकील आधीचे दस्त काढून बघतो. आईचा तहहयात हक्क तिथे नोंदलेला असेल तर तिच्या सहीशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही. तिला प्रांताकडे जावे लागत नाही, मुलगा वाईट आहे असे म्हणावे लागत नाही; तिला विचारावे लागते, एवढेच. आणि विचारले जाणे यातच म्हातारपणातली निम्मी प्रतिष्ठा असते.

प्रेमाच्या व्यवहारात अटी घालणे बरे दिसत नाही, हा या सूचनेवरचा पहिला आक्षेप. तो मावशीचाच होता, आणि त्या दिवशी गप्प बसलो म्हणजे माझाही होता. पण आपल्याकडे हे कधीच वाईट दिसत नव्हते. आमच्या घरात आजोबांच्या वेळचे एक वाटणीपत्र आहे. त्यात तिन्ही मुलांचे गट नंबर लिहून झाल्यावर विहिरीलगतचा एक तुकडा पणजोबा-पणजीच्या निर्वाहासाठी बाजूला काढला आहे आणि पुढे लिहिले आहे की, उभयतांनी त्याचा तहहयात उपभोग घ्यावा व त्यांच्या पश्चात तो तिघांनी समान वाटून घ्यावा. खाली तिघा भावांच्या सह्या आहेत. एकाचा अंगठा आहे. यात त्या मुलांच्या मातृप्रेमावर अविश्वास दाखवला, असे त्या काळी कुणाला वाटल्याचे आमच्या घरात कुणी कधी सांगितले नाही. शेताच्या वाटणीत म्हातारा-म्हातारीचा वाटा ठेवणे ही रीत होती. ब्लॉक आणि फ्लॅट आले, वाटणीपत्राची जागा छापील नमुन्यातल्या बक्षीसपत्राने घेतली, आणि नमुना तयार करणाऱ्याने ती रीत त्यात घेतलीच नाही. ताट द्यावे पण पाट देऊ नये, हे आपण एकमेकांना ऐकवतो, तेही आई-वडिलांच्या चतुराईचा सल्ला म्हणून. ती चतुराईची बाब नव्हती, लिहून ठेवण्याची बाब होती.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो, कारण तो ज्यांनी घ्यायला हवा त्या स्त्रिया या चर्चेत फारशा बोलत नाहीत. 'आई-वडिलांचा सांभाळ करीन' असे मुलगा लिहून देतो तेव्हा तो सांभाळ करणार कोण असतो? सकाळचा पथ्याचा नाश्ता, इन्सुलिनची वेळ, सासऱ्यांना न्हाणीघरापर्यंत नेणे, रात्री दोनदा उठणे, हे बहुतेक घरांत सुनेच्या वाट्याला येते, आणि दस्तावर तिचे नाव असेलच असे नाही. 'सांभाळ' हा शब्द इतका मऊ आहे की त्याच्याखाली कुणाचे हात राबताहेत ते दिसत नाही. २००७ च्या कायद्याने जबाबदारी मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्यावर ठेवली. सून आणि जावई यांनाही तीत ओढू पाहणारे विधेयक २०१९ साली लोकसभेत मांडले गेले होते, ते मंजूर झाले नाही. माझ्या मते ते झाले नाही हे बरेच झाले. उलट दिशेचा धोकाही खरा आहे. ज्येष्ठांसाठीच्या या जलद प्रक्रियेचा वापर नवऱ्याशी वाद असलेल्या सुनेला घराबाहेर काढण्यासाठी होऊ लागला, आणि डिसेंबर २०२० मध्ये कर्नाटकातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, सुनेचा सामाईक घरात राहण्याचा हक्क अशा रीतीने हिरावून घेता येणार नाही.

म्हणून दस्तात लिहायची अट सेवेची असू नये, जागेची आणि पैशाची असावी. अमुक खोलीत, अमुक घरात तहहयात राहण्याचा हक्क, दरमहा अमुक रक्कम, औषधोपचार आणि मदतनिसाचा खर्च कुणी करायचा, एवढे लिहिता येते आणि मोजताही येते. सेवा ज्याला करावीशी वाटेल तो करील. ती कराराने मागितली तर शेवटी ज्या व्यक्तीने करारावर सहीच केलेली नाही तिच्या अंगावर पडते. हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर मावशीची सून आहे. सकाळी साडेसातची लोकल पकडण्याआधी ती सासूचा डबा वेगळा, कमी तिखटाचा करून ठेवते आणि घरातल्या मालकीच्या गोष्टी निघाल्या की उठून आत जाते.

तिसरी बाजू जवळ राहणाऱ्या अपत्याची. एक मुलगा किंवा मुलगी आई-वडिलांजवळ राहते, बदली नाकारते, प्रसंगी लग्नही लांबवते. दुसरा पुण्यात, बंगळूरला किंवा अमेरिकेत असतो, डिसेंबरात तीन आठवड्यांसाठी येतो, बाबांच्या गोळ्यांची यादी वाचून डॉक्टर बदलायला सांगतो आणि परत जातो. पुढे समान वाटणी होते. अशा घरात जवळ राहिलेल्याला घर द्यावे असे आई-वडिलांना वाटले तर त्यात गैर काहीच नाही, आणि त्यांनी ते जिवंतपणी द्यावे असे त्या अपत्याला वाटणेही स्वाभाविक आहे. बारा-पंधरा वर्षे राबल्यावर भावाने मृत्युपत्राला आव्हान देऊन आपल्याला कोर्टात उभे करू नये, ही त्याची धास्ती खोटी नसते. तहहयात हक्क राखलेले बक्षीसपत्र अशा वेळी दोघांनाही उपयोगी पडते. मालकी त्याला आजच मिळते, आई-वडिलांचे छप्पर अबाधित राहते, आणि दूरच्या भावाला 'म्हाताऱ्यांना फसवून लिहून घेतले' असे म्हणायला जागा उरत नाही.

मग मृत्युपत्रच का करू नये, असे कुणी विचारील. करावेच. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, दोन साक्षीदार लागतात आणि हयातीत ते कितीही वेळा बदलता येते. ज्यांच्या घरात भांडणाची धास्ती नाही त्यांच्यासाठी तेच उत्तम. तरी एक कबुली द्यायला हवी. बदलता येणारे मृत्युपत्र हातात छडीसारखे वापरणारे वडील मी पाहिले आहेत. जेवणात मीठ कमी पडले की 'वकिलाला फोन लाव' म्हणायचे, मुलाने मनाविरुद्ध लग्न केले की नाव खोडायचे, मुलगी माफी मागायला आली की पुन्हा लिहायचे. त्या घरातली मुले चाळिशीतही शाळकरी पोरांसारखी वावरतात. वृद्धांबद्दल लिहिताना आपण त्यांना असहाय आणि निष्पाप मानूनच सुरुवात करतो; म्हातारपणाने माणसाचा स्वभाव धुऊन निघत नाही. पण छडी हातात असलेला वृद्ध आणि बॅग हातात असलेला वृद्ध, यांत कायद्याने आधी कुणाकडे बघावे याबद्दल माझ्या मनात संदेह नाही.

शासनाकडून या बाबतीत जे होते ते पुष्कळदा टाळ्या मिळवणारे असते. लातूर जिल्हा परिषदेने २०२० च्या अखेरीस आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के कापून ती रक्कम पालकांच्या खात्यावर वळवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्याचे राज्यभर कौतुक झाले. हेतूला नावे ठेवण्याचे कारण नाही, पण तो सरकारी पगार असलेल्यांपुरताच पोचतो; ऊसतोडीला गेलेल्या किंवा पुण्यात डिलिव्हरीची गाडी चालवणाऱ्या मुलाचा पगार कापणार कोण? निर्वाहाच्या रकमेला कायद्याने घातलेली दरमहा १०,००० रुपयांची कमाल मर्यादा २००७ सालची आहे. प्रत्येक जिल्ह्यात गरजू ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांचा वृद्धाश्रम असावा असेही त्याच कायद्यात लिहिले आहे, आणि आपल्या जिल्ह्यातला तो कुठे आहे हे वाचकांनी सहज विचारून पाहावे. राज्याच्या निवृत्तिवेतन योजनेचे नाव श्रावणबाळ आहे. म्हणजे कावड शासनाने खांद्यावर घेतली. तिच्यात महिन्याला १,५०० रुपये आहेत, आणि ते मिळवायला कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत दाखवावे लागते. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसे ८.६ टक्के होती, महाराष्ट्रात ९.९ टक्के. या माणसांतल्या बहुतेकांना पेन्शन नाही. त्यांची पेन्शन म्हणजे त्यांचे राहते घर किंवा जमिनीचा तुकडा. तोच सोडून द्यायची वाट २०० रुपयांची करून ठेवायची आणि सोडल्यावर १,५०० रुपयांसाठी रांगेत उभे करायचे, यात काही विसंगती आहे हे निदान मान्य व्हावे.

त्यामुळे मागणी छोटी आहे. देणारी व्यक्ती साठीच्या पुढची असेल आणि दिले जाणारे घर तिचे राहते घर असेल, तर सवलतीच्या शुल्काचा लाभ ज्या नमुन्यावर मिळतो त्या नमुन्यातच तहहयात निवासाच्या हक्काचे कलम आधीपासून छापलेले असावे. ज्याला ते नको असेल त्याने खोडावे, पण खोडण्याआधी अधिकाऱ्याने ते मोठ्याने वाचून दाखवावे, आणि घेणाऱ्याला पाच मिनिटे बाहेर बसवून देणाऱ्याला एकट्याने विचारावे. दुय्यम निबंधकाचे काम नोंदणी करण्याचे आहे, समुपदेशनाचे नाही, असे यावर सांगितले जाईल, आणि त्या कार्यालयातली गर्दी पाहता हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. पण दस्त देणाऱ्याने तो स्वतः मान्य केला आहे की नाही हे विचारणे आजही त्यांच्याच कामात मोडते. ते विचारणे चार शब्दांत उरकले जाते, एवढाच फरक आहे. ज्या यंत्रणेला झिजलेल्या अंगठ्याचा ठसा सहा वेळा घ्यायला वेळ असतो, तिला एक कलम वाचायला वेळ नाही, हे पटत नाही.

काही जण सर्रास खोडतील, हेही मला दिसते. मुलासमोर आई नाही म्हणणार नाही, मुलामागेही म्हणणार नाही. मावशीला त्या दुपारी ते कलम वाचून दाखवले असते तर 'काढून टाका ते, कशाला उगीच' असेच ती म्हणाली असती, याची मला जवळजवळ खात्री आहे. पण ते मोठ्याने वाचले गेले असते तेव्हा तिचा मुलगा तिच्या शेजारीच उभा असता आणि त्यानेही ते ऐकले असते. 'राहू दे ते, आई' असे तो म्हणाला असता की नाही, मला सांगता येत नाही. तसे म्हणण्याची वेळ त्याच्यावर कुणी आणलीच नाही, आणि ओळखदार म्हणून तिथे बसलेल्या मीही आणली नाही.